मेंदूचा आलेख काय सांगतो, काय सांगत नाही

‘साहेब, डोक्याचा फोटो काढला, मशीनवर पट्टीही काढली. सगळं नॉर्मल आलं म्हणतात. मग पोराला झालं तरी काय?’

गुरुकुंज मोझरी आणि तिवसा भागातल्या गावांतून बियाण्यांच्या, फवारणीच्या सभा घेत फिरताना हा प्रश्न अधूनमधून कानी येतो. विचारणारे बहुधा आईबाप असतात. सभा संपून मंडळी पांगली की ते मागे रेंगाळतात आणि हळू आवाजात विचारतात. पऱ्हाटीवरच्या बोंडअळीबद्दल चारचौघांत बोलता येते, घरातल्या माणसाच्या मनाच्या आजाराबद्दल बोलता येत नाही, ही आपल्याकडची मोठी अडचण आहे.

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. औषध कोणते, किती, हे डॉक्टरांनीच सांगायचे. पण एखादी तपासणी कशासाठी करतात आणि तिच्या निकालाचा अर्थ काय, हे कास्तकाराच्या घरात माहीत असले पाहिजे. नाहीतर पैसा जातो, हंगाम जातो आणि माणूस उपचारावाचून तसाच राहतो. ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांचा चुकीचा अर्थ लावून कुणी पोराला ढोंगी ठरवतात, तर कुणी ‘हे बाहेरचं आहे’ म्हणून भगताकडे नेतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत.

आजार कोणता?

स्किझोफ्रेनिया हे या आजाराचे नाव. मराठीत छिन्नमनस्कता असेही म्हणतात. स्वित्झर्लंडमधील डॉक्टर ब्लॉयलर यांनी १९०८ साली हे नाव वापरात आणले. नावावरून एका देहात दोन माणसे राहतात असा समज होतो, तो खरा नाही. विचार, भावना आणि वागणे यांचा एकमेकांशी असलेला मेळ सुटतो, एवढाच त्याचा अर्थ.

आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. चांगला शिकणारा, वावरात राबणारा मुलगा हळूहळू एकटा राहू लागतो. अंघोळ, जेवण, झोप यांचा नेम बिघडतो. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, ते आवाज त्याला नावे ठेवतात, हुकूम सोडतात. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, भाजीत काही कालवतात, असा पक्का संशय बसतो. बोलणे एका विषयावरून भलत्याच विषयावर जाते. काहींच्या बाबतीत आरडाओरड काहीच नसते, फक्त माणूस थिजल्यासारखा होतो आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. मुलींनाही हा आजार होतो, तो बहुधा थोडा उशिरा दिसू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. तीन हजार वस्तीच्या गावाला हा हिशेब लावला तर दहा माणसे होतात. प्रत्यक्षात कुठे कमी, कुठे जास्त. पण आपल्याच घरावर हे संकट आले असे कुणी समजू नये.

लहरींचा शोध

आता त्या पट्टीकडे वळू. डॉक्टर तिला ई. ई. जी. म्हणतात, आपण मेंदूचा आलेख म्हणू.

मेंदूतील पेशी एकमेकींशी अतिसूक्ष्म विजेच्या साहाय्याने बोलतात. इंग्लंडमधील रिचर्ड केटन यांनी १८७५ साली सशांच्या आणि माकडांच्या मेंदूवर ही वीज टिपली. माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला तो जर्मनीतील येना गावच्या हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. हे बर्गर मनोविकारांचेच डॉक्टर होते. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी दूरगावी असलेल्या त्यांच्या बहिणीला भाऊ संकटात असल्यासारखे वाटले आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. मनातले दुसऱ्यापर्यंत पोचते तरी कसे, या कोड्याने बर्गरना मेंदूच्या विजेकडे वळवले. ते कोडे काही सुटले नाही, पण शोधता शोधता आलेख हाती आला. पाच वर्षे पुन्हा पुन्हा खात्री करून १९२९ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला.

बर्गर यांच्या पहिल्याच निरीक्षणांपैकी एक आपल्याला सहज समजण्यासारखे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते. ध्यानाला डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाचा आलेख त्याच वेळी काढला, तर डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ या गतीच्या लहरी बहुधा ठळक दिसतील. डोळे उघडले की त्या मावळतात. बर्गरनी त्यांना अल्फा लहरी असे नाव दिले. गाढ झोपेत लहरी संथ आणि मोठ्या होतात, जागेपणी लक्ष देऊन काम करताना बारीक आणि जलद होतात. म्हणजे माणूस जागा आहे की झोपेत, स्वस्थ आहे की सावध, हे आलेखावरून कळते.

१९३५ साली अमेरिकेतील बोस्टनच्या संशोधकांनी आणखी मोलाची गोष्ट दाखवली. काही मुले बोलता बोलता क्षणभर हरवल्यासारखी होतात. तो मिरगीचाच एक प्रकार असतो आणि त्या क्षणी आलेखावर सेकंदाला ३ या गतीने टोकदार लहरी उमटतात. याच वर्षी इकडे मोझरीला गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. तेव्हापासून आजतागायत मिरगी, म्हणजे फिट येण्याचा आजार, ओळखण्यासाठी आलेखाचा फार उपयोग झाला आहे.

आलेख कसा काढतात?

डोक्यावर ठराविक अंतरावर साधारण वीस ठिकाणी लहान चकत्या लेपाने चिकटवतात. त्यांच्या तारा यंत्राला जोडतात. रुग्णाने पडून राहायचे, सांगितले तसे डोळे उघडायचे-मिटायचे, थोडा वेळ जोराने श्वास घ्यायचा, लुकलुकणारा दिवा पाहायचा. अर्ध्या तासाच्या आसपास काम आटोपते. दुखत काही नाही.

एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगा. या तपासणीत शरीरात वीज सोडत नाहीत. उलट डोक्यातून येणारी वीज यंत्र फक्त मोजते. ती किती थोडी? बॅटरीच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतात, मेंदूची लहर त्याच्या तीस हजाराव्या हिश्शाच्या आसपास भरते. ‘शॉक देणे’ हा उपचार वेगळा, ही तपासणी वेगळी. दोन्हींची गल्लत झाल्याने कितीतरी माणसे दवाखान्याच्या दारातून परत फिरतात.

जाण्यापूर्वी डोके स्वच्छ धुवावे आणि तेल लावू नये. उपाशी जाण्याची गरज नसते. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आदल्या रात्री कमी झोपायला सांगितले असेल तरच तसे करावे.

मग हा आजार आलेखात का दिसत नाही?

बर्गर यांच्यापासून अनेक संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आलेख काढले. फरक सापडले नाहीत असे नाही. कानात सारखा एकच ‘टक’ असा आवाज सोडायचा आणि मध्येच एखादा वेगळा आवाज काढायचा. तो वेगळा आवाज ओळखल्यावर सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शात आलेखावर एक उंचवटा येतो. १९६५ साली हा उंचवटा शास्त्रज्ञांनी नोंदवला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत तो सरासरीने ठेंगणा असतो, हे १९७२ पासून पुन्हा पुन्हा दिसले आहे. संथ लहरींचे प्रमाणही रुग्णांत सरासरीने जास्त आढळते.

आणखी एक निरीक्षण विचार करायला लावणारे आहे. आपण बोलतो तेव्हा ‘हा आवाज आपलाच’ अशी वर्दी मेंदू ऐकण्याच्या केंद्राला आधीच देऊन ठेवतो, त्यामुळे स्वतःच्या आवाजाने तिथे लहर कमी उठते. या रुग्णांत ही वर्दी नीट पोचत नाही, असे आलेखांवरून दिसते. मनातल्या मनात चाललेले स्वतःचेच बोलणे त्यांना परक्याचे वाटत असावे आणि त्यातूनच आवाज ऐकू येत असावेत, असा काही संशोधकांचा तर्क आहे. निदान एवढे तरी यातून समजावे की, आवाज ऐकणारा माणूस खोटे बोलत नाही. त्याला ते खरोखर ऐकू येतात.

मग एवढे फरक सापडूनही आलेखावरून निदान का होत नाही? कारण हे सारे फरक सरासरीचे आहेत. समजा, दोन वावरांत पऱ्हाटी आहे. एका वावराला सरासरी झाडामागे ४० बोंडे आणि दुसऱ्याला ३०. वावरांची तुलना केली तर फरक स्पष्ट दिसतो. पण कुणी ३५ बोंडांचे एकच झाड आणून पुढे ठेवले आणि विचारले, हे कोणत्या वावरातले, तर सांगता येईल काय? चांगल्या वावरातही कमी बोंडांची झाडे असतात आणि हलक्या वावरातही भरलेली झाडे असतात. आलेखाचे नेमके असेच आहे. रुग्णांचा गट आणि निरोगी माणसांचा गट यांत फरक दिसतो, पण तुमच्या एकट्या मुलाच्या आलेखावरून तो कोणत्या गटातला हे ठरवता येत नाही. शिवाय तो ठेंगणा उंचवटा म्हातारपणच्या विस्मृतीत आणि इतर काही आजारांतही आढळतो.

म्हणून दोन वाक्ये घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावीत. आलेख नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असे होत नाही. आणि आलेखात थोडा फरक लिहून आला म्हणजे स्किझोफ्रेनिया झाला, असेही होत नाही. धडधाकट माणसांच्या आलेखातही बारीकसारीक फरक निघतात.

डॉक्टर तरी आलेख का सांगतात?

दुसरे आजार बाजूला काढण्यासाठी. झाड सुकले की आपण लगेच ‘मर’ रोग म्हणत नाही. पाणी साचले काय, मुळाला हुमणी लागली काय, तणनाशक उडाले काय, हे आधी पाहतो. तसेच भास आणि भलते वागणे इतर कारणांनीही होऊ शकते.

मिरगीच्या काही प्रकारांत हातपाय झाडले जात नाहीत, माणूस काही मिनिटे वेगळाच वागतो आणि नंतर त्याला आठवत नाही. मेंदूला सूज आली, पट्टकृमीच्या गाठी झाल्या, डोक्याला मार लागला, तरीही मन बिघडल्यासारखे दिसते. पहिल्यांदाच भास सुरू झाले असतील आणि त्यासोबत ताप, झटके, शुद्ध कमी-जास्त होणे, डोकेदुखी, उलट्या यांतले काही असेल, किंवा आजार चाळिशीनंतर एकाएकी सुरू झाला असेल, तर डॉक्टर आलेख, डोक्याचा फोटो आणि रक्ताच्या तपासण्या सांगतात. ते पैसे वाया गेले असे समजू नये. क्लोझापिन नावाच्या औषधाने काही रुग्णांत फिट येण्याचा संभव वाढतो, तेव्हाही कधी आलेख काढावा लागतो. त्या औषधासाठी रक्त मात्र नेमाने तपासावेच लागते.

फवारणीच्या दिवसांत एक खबरदारी घ्या. फवारणी करून आलेला माणूस अचानक बरळू लागला, घाम सुटला, लाळ गळू लागली, तर तो विषबाधेचा प्रकार असू शकतो. धोतऱ्याचे बी पोटात गेल्यानेही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. अशा वेळी आलेखाची वा भगताची वाट न पाहता तडक सरकारी दवाखाना गाठावा. औषधाचा डबा सोबत न्यावा.

हे सोडून, डॉक्टरांनी गरज नाही म्हटले असताना ‘मोठ्या शहरातल्या मोठ्या मशीनवर एकदा काढूनच पाहू’ म्हणून सोयाबीनचे पैसे घालवण्यात किंवा कर्ज काढण्यात अर्थ नाही. तोच पैसा पुढच्या औषधपाण्याला आणि जाण्यायेण्याला लागणार आहे.

यंत्र मनातले वाचत नाही

संशयाचा आजार असलेल्या माणसाला वाटते की, या तारांनी माझे विचार काढून घेतील किंवा डोक्यात दुसरे विचार घालतील. त्याला रागावू नका. डॉक्टरांसमोर शांतपणे सांगा की, यंत्र फक्त लहरी मोजते, शब्द वाचत नाही. २००८ साली पुण्याच्या न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेतला गेला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, माणसाच्या संमतीवाचून अशा चाचण्या करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. दवाखान्यातला आलेख त्यासाठी नसतोच.

खरे निदान हकिकतीवरून

या आजाराचे निदान होते ते रुग्णाशी बोलून आणि घरच्यांची हकिकत ऐकून. कधीपासून, काय, कसे, किती दिवस. काही महिने टिकलेली लक्षणे पाहून आणि इतर कारणे बाजूला सारून मनोविकारतज्ज्ञ निर्णय घेतात. त्यामुळे तुम्ही जी माहिती देता तीच मोठी तपासणी आहे.

तेव्हा एक साधी वही करा. जमाखर्चाची ठेवता तशीच. सुरुवात कधी झाली, तो महिना लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘पेरणीच्या वेळी’, ‘तूर काढताना’ असे लिहा. झोप किती, जेवण कसे, एकटा बोलतो काय, कशाचा संशय घेतो, कामावर लक्ष कसे आहे, कधी फिट आली काय, गांजा-दारू आहे काय, घराण्यात कुणाला असा आजार होता काय, हे सर्व लिहा. कोणती गोळी कधी सुरू केली, तिने गुंगी, हातापायांचा ताठरपणा, थरथर असे काही झाले काय, तेही नोंदवा. जुनी चिठ्ठी फेकू नका. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ही वही पुढे केली की दहा मिनिटांत महिन्यांची हकिकत डॉक्टरांच्या हाती येते.

उपचार कुठे आणि किती दिवस?

१९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमझिन हे औषध या रुग्णांना प्रथम दिले गेले आणि तेव्हापासून या आजाराचे चित्र पालटले. आज अनेक औषधे आहेत. गुण यायला काही आठवडे लागतात. गुण आला की घरचे गोळी थांबवतात आणि इथेच घात होतो, आजार उलटतो. औषध किती काळ घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील, बहुधा ते वर्षांच्या हिशेबात असते. रोज गोळी घेण्याची कटकट होत असेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनेही आहेत.

आपल्या भागातून अमरावतीचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे इर्विन, जवळ पडते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. नागपूरला शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवरून सल्ला हवा असेल तर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिला पैसे पडत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी व्यवस्थेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरला आहे आणि मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या महाराजांनी ग्रामगीता लिहून गावोगावचे खुळे समज दूर करण्यासाठी जन्म वेचला, त्यांच्या परिसरात तरी असे घडू नये. प्रार्थनेला अवश्य बसवा, मनाला आधार मिळतो. पण गोळी चुकवून नव्हे.

‘लग्न लावून द्या, सुधारेल,’ हा सल्लाही ऐकू नका. लग्नाने हा आजार बरा होत नाही. आजार लपवून केलेल्या सोयरिकीत दुसऱ्या घरच्या लेकराचे आयुष्य पणाला लागते. आणि आजारी सुनेला माहेरी टाकून देणारेही आपल्यातच आहेत. तिला औषध मिळाले आणि घर तिच्या पाठीशी राहिले, तर तीही संसार सांभाळू शकते.

कास्तकाराच्या घराजवळ एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे काम. गुरांना वैरण घालणे, भाजीपाल्याला पाणी देणे, निंदण, अशी झेपतील ती कामे नेमाने सोपवा. रोज तेच काम, त्याच वेळी. झाले तर शाबासकी द्या, राहिले तर टोमणे मारू नका. सततची टोचणी आणि भांडण असलेल्या घरात आजार लवकर उलटतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. गोळीने गुंगी येत असेल तोवर थ्रेशर, कडबाकुट्टी, विहिरीवरची मोटार यांपासून आणि फवारणीपासून त्याला दूर ठेवा.

शेवटी शेतीच्या माणसाने सांगायची गोष्ट. या आजारात काही रुग्ण जिवावर उदार होतात. कीटकनाशकाचे डबे आजच कुलुपात टाका, किल्ली घरातल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवा आणि रिकामे डबे घरात वापरू नका. ‘मला जगायचं नाही’ असे तो बोलला, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जाताना ती वही सोबत घ्यायला विसरू नका.